गरोदरपणातल्या तापामुळे मुलाला मानसिक आजार झाला का?

करोनाच्या साथीनंतर ‘मानसिक आजार विषाणूमुळे होतो का?’ असे विचारणारे पालक माझ्याकडे वरचेवर येतात. त्यांपैकी खानापूर तालुक्यातल्या एका आईची हकिकत, ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे देत आहे.

त्यांच्या बावीस वर्षांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, असल्याचे निदान झाले होते आणि धारवाडच्या उपचारांनी तो भाताच्या लावणीला जाण्याइतका सावरला होता. अशात नात्यातल्या कुणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. हा आजार मेंदूतल्या विषाणूचा असतो, गोळ्यांनी काही होत नाही, असे त्यात ठासून सांगितले होते. आईने गोळ्या पिठाच्या डब्यामागे ठेवून दिल्या. पंधरा दिवसांत मुलाची झोप उडाली आणि तो रात्री परड्यात उभा राहून कुणाशी तरी बोलू लागला.

“हा पोटात असताना पाचव्या महिन्यात मला फ्लूचा ताप आलता, मॅडम. माझ्यामुळंच झालं काय हो हे?”

गोळ्यांविषयी बोलण्याआधी मी याच प्रश्नाला उत्तर दिले, कारण खरे दुखणे तेथे होते. १९५७ च्या फ्लूच्या साथीत ज्यांच्या आयांना गरोदरपणाचा मधला काळ चालू होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण अधिक दिसल्याचा हेलसिंकी येथील अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मात्र पुढच्या अनेक अभ्यासांत तसा संबंध आढळला नाही. तो असलाच तरी अनेक कारणांपैकी एक ठरतो, आनुवंशिकतेचा वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे, आणि गरोदरपणी फ्लू होऊन गेलेल्या बहुतेक आयांची मुले धडधाकट असतात. “मावशी, ताप काय तुम्ही मागून घेतला होता?” असे मी विचारले, तेव्हा त्या बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिल्या.

विषाणू मेंदूवर थेट घाला घालतात, हे मात्र खरे आहे. हर्पीसच्या विषाणूने मेंदूला सूज आली की ताप, डोकेदुखी, फिट यांच्याबरोबर किंवा त्यांच्याही आधी माणूस असंबद्ध बोलू लागतो, घरच्यांना ओळखेनासा होतो. उपचार न मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात, आणि असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध वेळेवर सुरू झाल्यास पुष्कळ जण वाचतात. शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये प्रथम ओळखल्या गेलेल्या माकडताप या विषाणूजन्य आजारातही काही रुग्णांना ताप उतरल्यावर तो पुन्हा चढून भ्रम होतो. म्हणून ताप आणि वागण्यातला बदल काही दिवसांत एकापाठोपाठ आले, तर अंगात आले म्हणून अंगारा लावत बसू नये. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे, जेथे एमआरआय आणि पाठीतले पाणी तपासण्याची सोय असते.

या मुलाचे तसे नव्हते. त्याचा आजार तापाविना, दोन वर्षांत हळूहळू वाढला होता, डॉक्टरांनी मेंदूच्या तपासण्याही करून घेतल्या होत्या, आणि अशा आजारावर विषाणूविरोधी औषध हा मान्य उपचार नाही. मी त्या आईसमोरच डॉक्टरांना फोन लावला आणि गोळ्या पुन्हा कोणत्या मात्रेपासून सुरू करायच्या, हे डॉक्टरांच्याच तोंडून त्यांना ऐकवले.

उठता उठता त्यांनी थोरल्या सुनेची शंका सांगितली, नातवाने काकाच्या ताटात जेवले तर चालेल काय? स्किझोफ्रेनिया ताटातून, उष्ट्यातून किंवा शेजारी झोपल्याने लागत नाही; पुढच्या खेपेला सुनेलाही घेऊन या, असे मी सांगितले.