दोन कॅल्क्युलेटर दोन आकडे देतात. व्यायाम कोणत्या आकड्यावर आखावा?

आपले वय ४२, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. डोंबिवलीहून रोज सीएसएमटीपर्यंतचा प्रवास आणि दिवसभर बैठे काम. एक कॅल्क्युलेटर रोजची गरज १९०० कॅलरी दाखवतो, दुसरा २४५०, आणि यांतला कोणता खरा, असे आपण विचारले आहे.

दोन्हींमागचे सूत्र बहुधा एकच असावे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रात आपले आकडे घातले, तर शरीराची विश्रांतीतली गरज १५८५ कॅलरी येते. तिला बैठ्या जीवनशैलीसाठी १.२ ने गुणले की १९०२ आणि ‘मध्यम सक्रिय’ निवडून १.५५ ने गुणले की २४५७. म्हणजे साडेपाचशे कॅलरींचा हा फरक केवळ आपण निवडलेल्या एका पर्यायाने पडतो. लोकलमधला उभ्याने केलेला प्रवास थकवतो हे खरे, पण थकवा म्हणजे खर्च झालेली ऊर्जा नव्हे. दादरचा पूल रोज दोनदा चढतो म्हणून मीही पूर्वी ‘मध्यम सक्रिय’ निवडले होते. त्या आकड्याप्रमाणे तीन महिने जेवलो आणि कंबर दोन सेंटिमीटरने वाढली. आपण १.२ पासूनच सुरुवात करावी आणि तीन आठवड्यांनी वजन व कंबर पाहून आकडा दुरुस्त करावा.

बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्यावर, फार वेळ घालवू नये. आपला २६.२ येतो, भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात, मात्र परदेशी संकेतस्थळे ३० ची रेषा दाखवून उगाच निश्चिंत करतात. बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला भेद कळत नाही, म्हणून सोबत कंबरही मोजावी. पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर आहे.

खरी काळजी घ्यावी लागते ती नाडीच्या बाबतीत. २२० मधून वय वजा केले की आपली कमाल गती १७८ येते. तिचे ५० टक्के म्हणजे ८९, जी जिना चढतानाच गाठली जाईल. तेवढ्यावर व्यायाम झाला असे समजणे चुकीचे ठरेल. त्याऐवजी सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. समजा ती ७६ भरली, तर १७८ मधून ७६ गेले की १०२ उरतात; त्यांचे ४० ते ६० टक्के पुन्हा ७६ मध्ये मिळवावेत. मध्यम व्यायामाची आपली कक्षा ११७ ते १३७ ठरते. यालाच कार्व्होनेन पद्धत म्हणतात. ‘२२० वजा वय’ ही सरासरी आहे, प्रत्यक्षात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यामुळे चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ही खूणही सोबत ठेवावी. आपण रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी घेत असाल, तर हे गणित लागूच पडत नाही; कारण ती गोळी नाडी मंद ठेवते. तेव्हा कक्षा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

या कक्षेत आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, एवढे पहिल्या दोन महिन्यांना पुरे. मे आणि ऑक्टोबरच्या दमट हवेत त्याच वेगाला नाडी अधिक चढते. तेव्हा वेग कमी करावा, पण कक्षा सोडू नये.