ग्लास माझ्या हातात, फोटो दुसऱ्याच्या फोनमध्ये

प्रश्न : मी 27 वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. एप्रिलमध्ये कार्यालयातले आम्ही आठ जण स्वखर्चाने गोव्याला गेलो होतो. तिथल्या एका शॅकवर (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात) मी हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू) घेत असताना एका सहकाऱ्याने मला न विचारता फोटो काढून आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पुढे तो माझ्या मावसभावाकडे आणि जिथे माझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत त्या घरी पोहोचला. सोबत 'हिचं हे रोजचंच आहे' असा शेरा होता. फोटोत माझ्या शेजारी दोन पुरुष सहकारीही ग्लास घेऊन बसलेले आहेत. हा गुन्हा नाही का? आणि तक्रार केली तर दारू प्यायल्याबद्दल मीच अडकेन का? – एक वाचक, पुणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याच धास्तीने अनेक जणी गप्प बसतात. दारू पिण्यासाठी परवाना लागतो तो महाराष्ट्रात, 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार. बारमध्ये तो क्वचितच कोणी विचारते, ही गोष्ट वेगळी. गोव्यात पिणाऱ्याला असा परवाना काढावा लागत नाही. तिथे 2019 पासून दंड आहे तो किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला : एकट्याला 2000 रुपये, टोळक्याला 10,000. परवानाधारक शॅकच्या टेबलावर बसून तुम्ही हुर्राक घेतली असेल, तर तुम्ही अडकण्याचे कारण नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 77 स्त्रीचे चोरून चित्रण करण्याला पहिल्या अपराधासाठी एक ते तीन वर्षांची कैद सांगते. पण ते लागू होते स्नानगृह, कपडे बदलणे, शरीरसंबंध अशा खासगी प्रसंगांना. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरते आहे. हुर्राकचा ग्लास, त्यात उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वर तुमचा हसरा चेहरा, एवढेच फोटोत असेल, तर तो यांपैकी कशातच बसत नाही. गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी 2023मध्ये, अनोळखी व्यक्तींचे फोटो, विशेषतः त्या ऊन खात किंवा समुद्रात पोहत असताना, परवानगीशिवाय काढू नयेत असे पर्यटकांना बजावले होते. पण ती सूचना होती, तिच्या आधारे सहकाऱ्यावर खटला भरता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले असले, तरी त्या आधारे थेट पोलीस ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवता येत नाही.

तुमची बाजू बळकट आहे ती त्या शेऱ्यामुळे. एखाद्याच्या चारित्र्याला लोकांच्या नजरेत उणेपणा आणणारे विधान पसरवणे ही संहितेच्या कलम 356 खाली बदनामी ठरू शकते आणि तिला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'पण ती प्यायली होतीच ना' हा बचाव इथे पुरत नाही. एक तर शेरा एका दिवसाबद्दल नसून 'रोजचंच' असा आहे. शिवाय विधान खरे असले तरी ते सार्वजनिक हितासाठी केले होते, हेही दाखवावे लागते. कोणाच्या सोयरिकीत खोडा घालण्यात सार्वजनिक हित कोणते, हे त्या गृहस्थांनी न्यायालयाला सांगावे. (शेजारच्या दोन ग्लासांबद्दल कोणाला शेरा सुचला नाही, हेही तिथे सांगण्यासारखे आहे.) या गुन्ह्यात पोलीस आपणहून हात घालत नाहीत, वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते.

म्हणून आधी शोधायचे ते हे की शेरा लिहिला कोणी. फोटो काढणारा आणि लिहिणारा एकच असेल असे नाही. मावसभावाला तो संदेश पुसू देऊ नका. पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि शक्य असेल तर तो फोनही जपून ठेवायला सांगा, कारण अशा पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.

कार्यालयातही यावरून लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी होत असेल, तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याखाली कार्यालयाच्या अंतर्गत समितीकडे जाता येते. सहल स्वखर्चाची असल्याने तिथले प्रसंग कामाच्या ठिकाणचे मानायचे का, यावर वाद होईल. कार्यालयात घडलेल्या प्रसंगांबाबत तो होणार नाही. ही तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, योग्य कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तेव्हा एप्रिलपासूनचे दिवस आजच मोजून पाहा.