सिंहगडाच्या उतारावर डबकं नाही, मग बेडूक कसा?

तुम्ही विचारलंय : पावसाळ्यात संध्याकाळी सिंहगड उतरताना झुडपांतून 'टिक्-टिक्-टिक्' येत होतं, मित्र म्हणाला बेडूक आहे, पण पाणी साठतच नाही तिथे बेडूक राहील कसा?

मित्राचं बहुतेक बरोबर आहे. मलाही आधी तो रातकिडाच वाटायचा. एकदा आतकरवाडीच्या वाटेवर अंधार पडला. टॉर्च मारली की टिकटिक बंद. मग टॉर्च विझवून गप्प बसून राहिलो (डासांनी फोडून काढलं). शेवटी घाणेरीच्या पानावर सापडला, अंगठ्याच्या पेराएवढा, तपकिरी. गळ्याखालचा फुगा जवळजवळ डोक्याएवढा, बोटांच्या टोकांना बारीक चकत्या, त्यांनी पान घट्ट धरलेलं. ओरडतो तो नरच.

हे राओर्केस्टिस गटातले झुडूपबेडूक. यांतल्या एका जातीला 2013 मध्ये पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्यावरून 'घाटेई' नाव मिळालं. मला दिसला तो तोच होता, असं मात्र नुसतं बघून छातीठोक सांगणार नाही.

आता पाण्याचं. आंबोलीचा मलबारी उडता बेडूकही झाडावरच राहतो, पण पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो. पिल्लं खाली पाण्यात टपकतात. म्हणजे त्याला डबकं हवंच. डोंगरउतारावर पाऊस बक्कळ, पण पाणी वाहून जातं. झुडूपबेडकांनी पाण्यातला शेपटीवाला मुक्कामच गाळून टाकलाय. मादी ओल्या मातीत, पालापाचोळ्यात किंवा पानावर मोजकीच अंडी घालते. पिल्लू सगळं अंड्यातच उरकतं आणि काही आठवड्यांनी चार पायांचा इवलासा बेडूक होऊनच बाहेर पडतं. त्याला पाणी नको, ओल हवी. गडावरच्या देवटाक्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

सिंहगड जेमतेम 1300 मीटर. केरळात 2695 मीटरच्या अनाईमुडीवर याच गटातला एक नारिंगी-लाल बेडूक राहतो, 2010 मध्ये नोंदवलेला. आखूड पायांचा, उड्यांपेक्षा सरपटणंच जास्त. तोही अंडी खुरट्या बांबूच्या बुंध्यात घालतो.

बघायचा असेल तर पहिल्या दमदार पावसानंतर जा. टॉर्च जमिनीकडे धरा. पालापाचोळा मात्र पायाने उकरू नका, अंडी तिथेच असतात.