गॅपचं काय सांगू, ताई?

प्रश्न : ताई, मी पिंपळगाव बसवंतचा. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, पण वडिलांचं ऑपरेशन झालं म्हणून वर्षभर घरची द्राक्षबाग मीच बघितली. आता नाशिकला अंबड-सातपूरच्या कंपन्यांत इंटरव्ह्यू देतोय. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की पाठ केलेला इंग्रजी पॅरा दोन ओळींतच विसरतो, गॅपचं विचारलं की गप्प बसतो. आणि पगार किती पाहिजे म्हणाले तर काय सांगायचं?

उत्तर : अरे, आधी तो पॅरा सोडून दे. मी पॅनलवर बसते, सकाळपासून येणारा प्रत्येक जण 'हार्डवर्किंग अँड सिन्सियर' असतो आणि दुपारी त्यातलं कोणीच आठवत नाही. नाव, गाव, डिप्लोमा कुठून, प्रोजेक्ट कशावर केला आणि त्यात तुझ्या हातून नेमकं काय झालं, एवढं साध्या वाक्यांत सांग. इंग्रजी अडलं तर 'सर, मराठीत सांगू का' असं सरळ विचार, शॉपफ्लोअरच्या जागेला इकडे बऱ्याच ठिकाणी चालतं.

आता गॅप. मला खरं तर यावरच बोलायचंय, कारण तू जे लपवतोयस तीच तुझी सगळ्यात चांगली गोष्ट आहे. वर्षभर बाग बघितली म्हणजे गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, फवारण्या केल्या असशील, ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर चालवला असशील आणि तो कधीतरी बिघडलाही असेलच ना? मग तेच सांग. औषध नीट उडेना, गेजवर प्रेशर कमी दिसत होतं, आधी सक्शनचा फिल्टर काढून धुतला, मग नोझल बघितले, झिजून भोक मोठं झालेले बदलले, तरी प्रेशर येईना तेव्हा पंप खोलला तर आतलं पॅकिंग गेलेलं. मेंटेनन्सच्या माणसाला हे ऐकताच कळतं की पोरगा क्रमाने विचार करतो. पण केलं असेल तेवढंच सांग हं, मेकॅनिकने केलं असेल तर मेकॅनिकने केलं म्हण आणि तू काय बघितलंस ते सांग, कारण लगेच पुढचा प्रश्न येतो, पीटीओ, म्हणजे ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट, किती आरपीएमवर ठेवायचास? 540 हा आकडा तोंडात पाहिजे. वडिलांचं ऑपरेशन एका वाक्यात सांग, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

टेक्निकलला फार घाबरू नकोस. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मिमी, मायक्रोमीटरचा 0.01, हे सगळेच घोकून येतात. पण हातात व्हर्नियर आणि जॉब, म्हणजे मोजायचा पार्ट, दिला की बरीच मुलं थेट मापच घ्यायला लागतात. तू आधी जबडे पुसून मिटव, शून्याला शून्य जुळतंय का बघ, नसेल तर झिरो एरर बोलून दाखव, मग माप घे. समोरचा माणूस तेच बघत असतो. फाइव्ह एसची, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच पायऱ्यांची, नावं पाठ असू देत, पण कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ती कशी लावशील याचं एखादं उदाहरणही तयार ठेव.

जायच्या दिवशी लवकर निघ, नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिक कधी अडकेल सांगता येत नाही. आणि नोकरी लावून देतो म्हणून कोणी डिपॉझिट किंवा रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले तर तिथूनच परत फिर, चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

पगाराचं म्हणशील तर आधी त्याच प्लांटमध्ये लागलेल्या तुझ्या सिनियरला फोन करून फ्रेशरला काय देतात ते विचार आणि त्याच्या आसपासचाच आकडा सांग. मात्र सीटीसी, म्हणजे कंपनीला तुझ्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, आणि हातात येणारा पगार वेगळा असतो, सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. त्यामुळे 'इन हँड किती, आणि बस, कँटीनचे पैसे कापून का' हे तिथेच विचारून घे, विचारलं म्हणून कोणी रागावत नाही.