एसक्यूएल सर्व्हरचा एनव्हारकॅर(४०) (कोणत्याही लिपीतला मजकूर ठेवणारा कॉलम) ओरॅकलमध्ये नेताना एसएसआयएसमध्ये कोणता डेटा टाइप घ्यायचा?

एसएसआयएसमध्ये (एका डेटाबेसमधून दुसऱ्यात डेटा नेणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) डीटी_डब्ल्यूएसटीआर, म्हणजे युनिकोड मजकूर, लांबी ४०. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२(४० कॅर), म्हणजे ४० चिन्हं, बाइट नव्हे. झालं. पण तुम्ही पुढे लिहिलंय, 'लीड म्हणतात दोन्हीकडे ४०च आहे, मग अडचण काय?' ते वाचून माझं डोकं फिरलं.

हेच वाक्य मी अंधेरीच्या ऑफिसात ऐकलंय. एका क्लायंटच्या ग्राहकांचे पत्ते ओरॅकलमध्ये न्यायचे होते, पत्ते मराठीत. मी म्हटलं, सर, ओरॅकलचे ४० म्हणजे बाइट. सर म्हणाले, "चाळीस म्हणजे चाळीस. तू लोड लाव."

रात्री स्टेजिंगमधून, म्हणजे तात्पुरत्या टेबलातून, मुख्य टेबलात जाताना लोड आपटला. ओआरए-१२८९९, म्हणजे मजकूर कॉलममध्ये मावत नाही, अ‍ॅक्च्युअल ४४, मॅक्सिमम ४०. पत्ता कोणता, तर 'प्रभादेवी, मुंबई'. 'प्रभादेवी' दिसायला चार अक्षरं. पण काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त सगळं सुटं मोजलं की ९, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे २७. 'मुंबई'ची ५ चिन्हं, १५ बाइट. स्वल्पविराम आणि स्पेस मिळून २. करा बेरीज. इंग्रजी लिपीत हाच पत्ता १८ बाइटांत बसतो, आणि आमचा टेस्ट डेटा सगळा इंग्रजी, त्यामुळे टेस्टिंगला कुणाला काही दिसलंच नाही.

कॉलम वाढवायचा तर चेंज रिक्वेस्ट, कारण टेबल दुसऱ्या टीमचं. सरांनी सबस्ट्रबी हे बाइट मोजून कापणारं फंक्शन लावून ४० बाइटांवर कापायला सांगितलं. लोड हिरवा झाला, मला शेवटची कर्जत लोकल मिळाली. महिन्याभराने छापील पत्रं गेली, त्यांवर 'प्रभादेवी, मुं'. मीटिंगमध्ये सर म्हणाले, "मॅपिंग याचं होतं." मी सगळं तोंडीच बोललो होतो ना! तुम्ही आजच लीडना मेल टाका, बाइटांची बेरीज मांडून. उद्या नाही, आज.

बाकीचं पटापट. साधा व्हारकॅर असेल तर डीटी_एसटीआर, कोड पेज (अक्षरांचा ठरावीक संच) बघून. युनिकोड-नॉन युनिकोडचा एरर आला म्हणून डेटा कन्व्हर्जन टाकून कोड पेज १२५२ वर उतरू नका, त्यात देवनागरी नाहीच. एनकॅर(१०) या ठरावीक लांबीच्या कॉलममधून आलेल्या 'मुंबई'मागे स्पेस चिकटलेल्या असतात, लुकअप जुळत नाही, आधी ट्रिम करा. आणि 'कटकट नको' म्हणून सगळीकडे ४००० ठोकणारेही भेटतात. एसएसआयएस बफरमध्ये जाहीर केलेल्या लांबीएवढी जागा अडवतो, मग पॅकेज रांगतं.

हां, एक राहिलं. ओरॅकलचं टेबल कॅर सिमँटिक्सने, म्हणजे लांबी बाइटांऐवजी चिन्हांत मोजून, बनवलं असेल तर नुसतं ४० सुद्धा चालेल, आणि तुमचे लीड बरोबर ठरतील. ओरॅकलच्या यूझर_टॅब_कॉलम्स या यादीत कॅर_यूज्ड बघा, बी (बाइट) की सी (कॅर). आमच्याकडे बी होता. आयएफएससी, पॅन असले कॉलम मात्र एनव्हारकॅर करत बसू नका. ११ आणि १० इंग्रजी अक्षरं-आकडे, एकेकाला एकच बाइट, तिथे चाळीस म्हणजे चाळीसच.