विंडोज सर्व्हरवर रिमोटने लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरिंगच्या नॉन-ॲडमिन अकाउंटला सीपीयू, डिस्क दिसते पण सर्व्हिसेसची यादी रिकामी का येते?

त्यासाठी अकाउंटला ॲडमिन करू नका, प्लीज. तुम्ही परफॉर्मन्स मॉनिटर युजर्स आणि डिस्ट्रिब्युटेड कॉम युजर्स दोन्ही ग्रुप दिलेत, डब्ल्यूएमआयमध्ये (विंडोजची माहिती रिमोटने वाचायची सोय) रिमोट एनेबलपण दिलंय, म्हणून तर सीपीयू येतोय. अडलंय सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरपाशी, म्हणजे सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या विंडोजच्या भागापाशी, विंडोज सर्व्हर २००३ च्या सर्व्हिस पॅक १ पासून नॉन-ॲडमिनला डिफॉल्टने रिमोटवरून सर्व्हिसेसची यादी मिळतच नाही, त्याची परमिशन वेगळीच असते. एससी एसडीशो कमांडने एससीमॅनेजरची (याच सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरची) आत्ताची परमिशनची स्ट्रिंग आधी नोटपॅडमध्ये सेव्ह करा, हे चुकवू नकाच, मग त्याच स्ट्रिंगमध्ये अकाउंटच्या एसआयडीची (विंडोजमधला अकाउंटचा ओळख क्रमांक) फक्त वाचायची एन्ट्री टाकून पूर्ण स्ट्रिंग एससी एसडीसेट कमांडने सेट करा. एन्ट्री डी वाल्या, म्हणजे परमिशनच्या भागात, एस कोलनच्या आधी टाका, बरेच जण शेवटी चिकटवतात तिथे ती ऑडिटिंगची (नोंद ठेवायची) होते. तरी एखादी सर्व्हिस दिसली नाही तर तिची स्वतःची परमिशन बघा.