आजोबांचा पोवाडा आणि गेटवरचा रॅप

लाडक्या निशू,

काल झोपताना तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मागे कुकरच्या शिट्ट्या, आजीचा आरडाओरडा आणि मधूनच तुझा प्रश्न: "आई, गेटपाशी दादा लोक मराठीत रॅप करत होते. आजोबा म्हणाले, यात काय नवीन, हा आपला पोवाडाच! खरं का?"

आजोबांना सांगू नकोस, पण अर्धंच खरं.

पोवाड्यात शाहीर डफावर थाप मारतो आणि दुसऱ्याचा पराक्रम सांगतो. शेवटी स्वतःचं नाव गुंफतो, तेवढंच. रॅपवाला सुरुवातच 'मी'पासून करतो: माझी गल्ली, माझा खिसा, माझा राग.

मला विचारशील तर रॅपचा खरा चुलतभाऊ शक्ती-तुरा, म्हणजे गाण्यातून सवाल-जवाबाचा सामना. मी तुझ्याएवढी असताना वागळे इस्टेटकडे कोकणातल्या कामगारांच्या वस्तीत गणपतीत रात्रभर चालायचा. गाणारे मधे बसलेले, भोवती पायात चाळ बांधलेली पोरं फेर धरून. तुरेवाले शिवाच्या बाजूचे, कलगीवाले शक्तीच्या. एका बुवाने पुराणातलं कोडं टाकायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचं आणि जाता जाता समोरच्याची टोपी उडवायची. एकदा एका बुवांना उत्तरच सुचेना. खाकरले, पाणी मागितलं, परत पाणी मागितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बुवा, विहीर आणू का?" मी हसून हसून मावशीच्या मांडीवरून घसरले होते. दादा लोक ज्याला बॅटल म्हणतात ना, ते हेच.

पण म्हणून रॅप आपला होत नाही हं. तो जन्मला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, आपल्या न्यू जर्सीच्या घरापासून गाडीने तासाभरावर. ११ ऑगस्ट १९७३ला डीजे कूल हर्कच्या बहिणीने इमारतीतल्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. गाण्यात नुसते ढोल वाजतात त्या तुकड्यावर लोक जास्त नाचतात, हे हर्कने हेरलं होतं. मग दोन तबकड्यांवर तोच तुकडा फिरवून फिरवून वाजवायचा. माइकवरच्या माणसाचं काम नाचणाऱ्यांना चेतवण्याचं. बोलणारा तेव्हा दुय्यम होता! १९७९मध्ये रॅपची पहिली मोठी गाजलेली रेकॉर्ड आली, तीही मौजमजेचीच. १९८२मध्ये 'द मेसेज' हे गाणं आलं आणि त्यात फुटक्या काचा, घरातले उंदीर-झुरळं असलं सगळं आलं. पुढे रकीमसारख्या रॅपवाल्यांनी यमक ओळीच्या शेवटावरून उचलून ओळीच्या पोटात नेलं. २०१८मध्ये केंड्रिक लामार या रॅपवाल्याला अमेरिकेतलं मानाचं पुलित्झर मिळालं. तोवर संगीताचं ते पारितोषिक शास्त्रीय आणि जॅझवाल्यांनाच मिळत आलं होतं.

आमच्याकडे ठाण्यात रॅप म्हणजे बाबा सेहगलची कॅसेट, १९९२ची. आम्ही ते विनोद म्हणूनच ऐकलं. गॅदरिंगला कुणी मराठीत रॅप केला की सगळे हसणारच, कारण तो हसवायलाच केलेला असायचा. २०१५मध्ये मुंबईच्याच डिव्हाइन आणि नेझी या रॅपवाल्यांचं 'मेरे गली में' आलं, तेव्हा मुंबईच्या पोरांना आपली गल्ली चालते असं कळलं. स्वदेसी या मुंबईच्या रॅप गटातला एमसी मवाली तर मराठीतच बोलायचा, आणि २०२४मध्ये 'तांबडी चामडी' या मराठी गाण्यावर इथल्या ऑफिसातले माझे पंजाबी सहकारीसुद्धा माना हलवत होते. गेटवरच्या दादांच्या बोलण्यात मधूनच आगरी शब्द येतात असं तू म्हणालास. ते मला फार आवडलं. आमच्या वेळी वर्गात आगरी बोललं की बाई 'नीट बोल' म्हणायच्या.

आता तुझ्या रॅपकडे. "मी ठाण्याला येतो, वडापाव खातो, तलावपाळीला जातो, बोटीत बसतो." राजा, हे फुकटचं यमक! मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे येतो-जातो-खातो आपोआप जुळतं. त्यात तुझी काय करामत? ओळीच्या शेवटून क्रियापदं हाकलून बघ:

वडा गरम, पाव नरम,
आजोबा म्हणतात, खा, कसली शरम!

टाळी देत म्हणून बघ, बसतंय की नाही. तलावपाळीची ओळ तू लाव. 'पाळी'ला जुळणारे शब्द आजोबांना विचार, त्यांना ढिगाने येतात. मात्र त्यांनी एकदा डफ काढला तर आजीचा ओरडा दोघांना.

रविवारी फोनवर ऐकव.

तुझी,
आई